धानाचा बोनस कोणाच्या खात्यात?

(रायपूर येथे शेतकरी व शेतमजूर आघाडीवर काम करणाऱ्या मराठीभाषक कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातील काही भाग संक्षिप्त केला आहे.)



रायपुरात मराठीतून बोलण्यास उभे राहणे यात अवघडण्यासारखे काही नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर होता. पुढे इंग्रजी राज्यात आणि स्वातंत्र्यानंतरही 1956 पर्यंत नागपूर व रायपूर एकाच प्रांतात नांदले. या शहरात आजही तात्यापारा नावाची वस्ती आहे. मालगुजारीची जी पद्धत वर्धा-भंडाऱ्याच्या कुळांनी सोसली, तीच आरंग-धमतरीच्या कुळांनी सोसली. तेव्हा आज मी ज्या प्रश्नावर बोलणार आहे तो परमुलखातला प्रश्न आहे असे कोणी समजू नये. पूर्व विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या चारही जिल्ह्यांत धान हेच मुख्य पीक आहे, आणि तेथला शेतकरी दर हंगामात छत्तीसगडकडे बोट दाखवून भाव मागत असतो.

सभा सुरू होण्यापूर्वी भंडाऱ्याकडच्या एका कॉम्रेडने मला विचारले, "तुमच्याकडे धानाला 3100 रुपये मिळतात. मग येथे लढायचे तरी कशासाठी?" प्रश्न थट्टेत विचारलेला असला तरी तो बाजूला सारण्यासारखा नाही. शेतकरी चळवळीने वर्षानुवर्षे मागितलेली गोष्ट म्हणजे सर्वंकष उत्पादनखर्च आणि त्यावर पन्नास टक्के. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 2006 साली खर्चाच्या दीडपट भावाची शिफारस केली. त्या हिशेबाने धानाचा भाव अलीकडच्या हंगामांत क्विंटलमागे तीन हजारांच्या थोडा वर जातो. म्हणजे येथील राज्य सरकार जी रक्कम देते ती आपल्या मागणीच्या अगदी जवळ आहे. हे नाकारण्यात काही शहाणपणा नाही. परंतु ही रक्कम कोणत्या वाटेने येते, किती काळ येईल आणि कोणाच्या हातात पडते, हे पाहिल्याखेरीज आपण पुढे जाऊ शकत नाही.

प्रथम वाट पाहू. छत्तीसगड राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी अस्तित्वात आले. त्या पहिल्या हंगामात सरकारने किमान आधारभूत किमतीने खरेदी केलेले धान पाच लाख टनांच्याही आत होते. 2018-19 साली ते सुमारे 80 लाख टन झाले, 2022-23 साली 107 लाख टनांवर गेले, आणि 2024-25 साली 149 लाख टन. पाव शतकात एखादा ओहोळ महानदी व्हावा तसा हा फुगवटा आहे. खरेदी करतात त्या गावोगावच्या प्राथमिक सहकारी सोसायट्या. त्यांच्यावर राज्य सहकारी विपणन संघ, ज्याला येथे सारे ‘मार्कफेड’ म्हणतात. मग भरडाईसाठी राईस मिल. आणि शेवटी तांदूळ भारतीय अन्न महामंडळाच्या किंवा राज्याच्या गोदामात. शेतकऱ्याने आधी आपल्या जमिनीची नोंदणी करायची, टोकन घ्यायचे, ठरल्या दिवशी बारदान्यासह केंद्रावर हजर राहायचे. एकरी किती क्विंटल घ्यायचे यावर मर्यादा असते. 2014 साली सरकारने ती 10 क्विंटलवर आणण्याचा प्रयत्न केला, तेव्हा गावोगाव संताप उसळला आणि ती 15 करावी लागली. पुढे 20 झाली, आता 21 आहे.

आधारभूत किंमत केंद्र सरकार ठरवते. तिच्यावर राज्य जे घालते त्याला पूर्वी ‘बोनस’ म्हणत. या बोनसचा इतिहास म्हणजे निवडणुकांचे पंचांगच आहे. 2013 च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने 2100 रुपये भाव आणि 300 रुपये बोनसचे आश्वासन दिले आणि सत्ता राखली. जून 2014 मध्ये केंद्रातील नव्या सरकारने राज्यांना बजावले की आधारभूत किमतीवर बोनस द्याल तर तुमच्याकडचा तांदूळ केंद्रीय साठ्यात मर्यादेपुरताच घेऊ. दिल्लीत आणि रायपुरात एकाच पक्षाचे राज्य, आणि बोनस बंद! 2014-15 आणि 2015-16 या दोन्ही हंगामांचा बोनस अडकला. 2017 साली, निवडणूक वर्षावर आली असताना, ‘बोनस तिहार’ म्हणजे बोनसचा सण साजरा करून सुमारे 2100 कोटी रुपये वाटण्यात आले. तो सण काही उपयोगी पडला नाही. डिसेंबर 2018 मध्ये काँग्रेसने 90 पैकी 68 जागा जिंकल्या, 2500 रुपये भावाच्या आणि कर्जमाफीच्या आश्वासनावर.

पहिल्या वर्षी 2500 रुपये सरळ केंद्रावरच दिले गेले. दुसऱ्या वर्षी केंद्राने पुन्हा तीच अट पुढे केली. तेव्हा राज्याने एक युक्ती काढली. केंद्रावर फक्त आधारभूत किंमत, 1815 रुपये, द्यायची. उरलेले 685 रुपये ‘आदान सहायता’ म्हणजे खते-बियाण्यांसाठीचे साह्य म्हणून, एकराच्या हिशेबाने, वेगळे द्यायचे. 21 मे 2020 रोजी राजीव गांधी किसान न्याय योजना सुरू झाली. सुमारे 5700 कोटी रुपये, चार हप्ते, धानाला एकरी 10,000. पैसा तोच, फक्त नाव बदलले. पण नाव बदलल्याने एक गोष्ट खरोखरच बदलली, आणि तिच्याकडे मी तुमचे लक्ष वेधू इच्छितो. भाव हा विकलेल्या मालाचा असतो. माल ज्याने पिकवला तो निदान तो मागू शकतो. साह्य मात्र नोंदलेल्या जमिनीचे असते, आणि ते जमीनमालकाच्या खात्यात जाते. त्या योजनेच्या नियमांत स्पष्ट लिहिले होते की रेगहा, बटई किंवा लीजवर शेती करणारा पात्र नाही.

येथे ‘रेगहा’ आणि ‘अधिया’ हे शब्द समजून घेतले पाहिजेत. अधिया म्हणजे आपली अर्धेली: निम्मे पीक मालकाचे, निम्मे कसणाऱ्याचे. रेगहा म्हणजे मक्ता: एकरी ठरलेली पोती किंवा रोकड मालकाला द्यायची, मग पाऊस पडो वा न पडो. मध्य प्रदेशच्या 1959 च्या जमीन महसूल संहितेचे 168 वे कलम येथेही चालत आले आहे. त्यानुसार सलग तीन वर्षांत एका वर्षाहून अधिक काळ जमीन कसण्यास देता येत नाही; विधवा, अज्ञान, अपंग अशांना तेवढी सूट. हेतू कुळाला संरक्षण देण्याचा होता. परिणाम असा झाला की जमीन दिली जाते, पण कागदावर कोणी काही लिहीत नाही. रायपूर शहरात नोकरी करणारा, दुकान चालवणारा, वकिली करणारा मालक शेतावर वर्षातून दोनदा येतो, एकदा रोवणीच्या वेळी आणि एकदा टोकनाच्या वेळी. चिखलात उभा असतो तो दुसराच, आणि सरकारदरबारी त्याचे अस्तित्वच नाही. बोनस वाढला म्हणून त्याचे काही वाढत नाही. उलट, जमिनीवर खात्रीचा पैसा मिळू लागला की मालक मक्त्याचा दर वाढवतो. अनुदानाचा हा भाग खंडाच्या रूपाने वर शोषला जातो. यात नवे काही नाही. युरोपात तेच घडले आहे. तेथील सामाईक कृषी धोरणाखालील थेट अनुदानांपैकी सुमारे 80 टक्के रक्कम 20 टक्के लाभधारकांकडे जाते, हे युरोपीय आयोग स्वतःच मान्य करतो. जमिनीच्या मापाने पैसा वाटला की तो जमिनीच्याच मागे जातो.

आता थोडा हिशेब करू. कंटाळा येईल, पण हा हिशेब गावातल्या बैठकीत तुम्हाला करून दाखवावा लागणार आहे. डिसेंबर 2023 मध्ये सत्तापालट झाला. 25 डिसेंबर 2023 रोजी नव्या सरकारने आपल्याच पक्षाच्या आधीच्या राजवटीने थकवलेला दोन वर्षांचा बोनस, सुमारे 3716 कोटी, चुकता केला. आठ-नऊ वर्षांनी, आणि बिनव्याजी! मग 12 मार्च 2024 रोजी कृषक उन्नती योजनेखाली 24 लाख 72 हजार शेतकऱ्यांना 13,320 कोटी रुपये एकाच दिवशी दिले गेले. त्या हंगामात आधारभूत किंमत 2183 होती. 3100 पर्यंतचा फरक 917. एकरी 21 क्विंटल धरले तर 19,257 रुपये.

तीन एकरांच्या कुटुंबाने पुरेपूर 63 क्विंटल विकले असतील तर त्याला फरकापोटी 57,771 रुपये मिळाले. वीस एकरांच्या घराने 420 क्विंटल विकले असतील तर 3,85,140. वीस एकर रेगह्याने कसणाऱ्याला नियमाप्रमाणे शून्य. मालक देईल ती त्याची मर्जी. आणि ज्याला जमीनच नाही त्या शेतमजूर कुटुंबाला? फेब्रुवारी 2022 पासून वर्षाला 6000 रुपये, नंतर 7000. जानेवारी 2025 मध्ये पक्षाबरोबर योजनेचेही नाव बदलले आणि रक्कम 10,000 झाली, सुमारे 5 लाख 62 हजार कुटुंबांना. म्हणजे दिवसाला 27 रुपये. शेतमजुराला काहीतरी थेट मिळू लागले ही गोष्ट मी कमी लेखत नाही. देशातील बहुतेक राज्यांत तेवढेही नाही. पण ज्याच्या हातांनी रोवणी, निंदणी, कापणी होते त्याचे वर्षाचे साह्य आणि मालकाच्या एका एकराचा फरक यांची तुलना करा: दहा हजार आणि एकोणीस हजार.

यातही आणखी एक फरक आहे. 21 क्विंटल ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. महानदीवर गंगरेलचे धरण आहे, त्याच्या कालव्याखालच्या धमतरी, अभनपूर, आरंगच्या कन्हार जमिनीत एकरी 21 क्विंटल सहज पिकतात. पण भाटा म्हणजे मुरमाड माळ, किंवा मटासी म्हणजे हलकी पिवळी जमीन, जिला पावसाखेरीज पाणी नाही, ती एवढे देत नाही. क्विंटलमागे दिलेला पैसा ज्याच्याकडे कालवा आहे त्याला अधिक, ज्याच्याकडे फक्त आभाळ आहे त्याला कमी. आणि जेथे कोटा शिल्लक राहतो तेथे ‘कोचिया’ हजर होतो. कोचिया म्हणजे गावोगाव फिरून धान घेणारा छोटा व्यापारी. अडलेल्या रेगहादाराचे, कर्जात बुडालेल्याचे, कधी सीमेपलीकडून ओडिशातून किंवा आपल्या गोंदियाकडून आलेले धान तो स्वस्तात घेतो आणि दुसऱ्याच्या नोंदणीवर केंद्रात लावतो. सरकार दर हंगामात सीमेवर नाके बसवते, ट्रॅक्टर पकडते, छायाचित्रे छापून येतात. मूळ कारण मात्र नोंदणीत आहे. कसणाऱ्याचे नाव वहीत असते तर त्याला कोचियाच्या दारी जाण्याची गरजच पडली नसती.

या शहरात जयस्तंभ चौक आहे. तुमच्यापैकी बहुतेक जण तेथूनच आला असाल. सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांना 10 डिसेंबर 1857 रोजी रायपुरात फाशी देण्यात आले. 1856 च्या दुष्काळात त्यांनी एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार फोडून उपाशी लोकांत वाटले, हा त्यांचा मूळ गुन्हा. धान कोणाच्या कोठारात पडते यावर या मुलखात माणसे फासावर गेली आहेत. जे आज टोकन आणि खात्याच्या भाषेत बोलले जाते, ते त्याहून फार वेगळे आहे असे मला वाटत नाही.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप. शहरातली वर्तमानपत्रे म्हणतात, ही ‘रेवडी’ आहे, शेतकरी लाडावला आहे, खजिना रिकामा होतो. 13,320 कोटी ही रक्कम लहान नाही. राज्याचा 2024-25 चा अर्थसंकल्प सुमारे 1 लाख 47 हजार कोटींचा होता. परंतु भारतीय शेतकऱ्याला एकूण धोरणातून मिळते की जाते, याचा हिशेब धनाढ्य देशांच्याच एका संघटनेने, आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, 2018 साली मांडला. तिचा निष्कर्ष असा की 2000 ते 2016 या काळात निर्यातबंदी, साठ्यावरील निर्बंध यांसारख्या उपायांनी देशी भाव दाबले गेल्याने शेतकऱ्याच्या ढोबळ उत्पन्नातून सरासरी 14 टक्के काढून घेतले गेले. खते, वीज, पाणी यांची सारी अनुदाने जमा धरूनसुद्धा. शेतकऱ्याच्या एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात त्यातला काही भाग घातला, तर त्याला दान म्हणत नाहीत.

जागतिक व्यापार संघटनेतही हाच आक्षेप घेतला जातो. तेथील नियमानुसार विकसनशील देशाने एखाद्या पिकाला दिलेले साह्य त्याच्या उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांवर जाऊ नये, आणि ते मोजायचे कशाशी? 1986 ते 88 च्या किमतींशी. चाळीस वर्षांपूर्वीच्या भावाशी आजचा भाव ताडून पाहण्याची ही गणिते! 2018-19 साली तांदळाच्या बाबतीत भारताने ती रेषा ओलांडली: 43.67 अब्ज डॉलरच्या उत्पादनावर 5 अब्ज डॉलर साह्य. बाली येथे 2013 साली ठरलेल्या शांतता कलमाचा आधार तेव्हा भारताला घ्यावा लागला. तो हंगाम रायपुरातल्या 2500 रुपयांचा पहिला हंगाम होता, हा योगायोग आहे. पण केंद्राला राज्यांचे बोनस का खुपतात याचे एक कारण त्यात सापडते. दुसरे कारण सरळ आहे: गोदामे. 149 लाख टन धानाचा सुमारे 100 लाख टन तांदूळ होतो. केंद्र आपल्या ठरवलेल्या वाट्याएवढाच उचलते. उरलेले धान राज्याला लिलावात विकावे लागले, अर्थात तोट्यात. म्हणून कायदेशीर हमीभावाची मागणी ही केंद्राकडेच केली पाहिजे. राज्याच्या खजिन्यावर उभारलेला भाव हा पुढच्या निवडणुकीपर्यंतचा भाव असतो. 2014 ते 2016 चे शेतकरी ते जाणतात.

पिकांचे काय? या मुद्द्यावर आपल्या चळवळीत पुरेशी चर्चा होत नाही असे माझे मत आहे. त्याबद्दल रोष पत्करूनही मी बोलणार. धानाला एवढा भक्कम आधार आणि इतर पिकांना नाममात्र, यामुळे भाट्यावरची कोदो-कुटकी गेली, धान उभे असतानाच ओलीवर तिवरा पेरण्याची उतेरा पद्धत आटली. तिवरा म्हणजे आपली लाखोळी. न्याय योजनेच्या काळात धान सोडून दुसरे पीक घेणाऱ्याला एकरी 10,000 आणि धानाला 9,000 असा प्रयोग झाला. 2025 साली नव्या सरकारने धान सोडणाऱ्याला एकरी 11,000 जाहीर केले. पण 2369 च्या आधारभूत किमतीवर 3100 पर्यंतचा फरक एकरी 15,351 होतो, शिवाय सारे धान खात्रीने घेतले जाते. तूर किंवा कोदोची अशी खरेदी कोठे आहे? शेतकरी मूर्ख नाही. याच शहरात डॉ. रिछारिया यांनी 1970 च्या दशकात धानाच्या हजारो देशी वाणांचा संग्रह केला. तो पुढे इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आला, आणि 2002 साली सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी विद्यापीठाने करार करताच रायपुरात शेतकरी संघटना आणि कार्यकर्ते रस्त्यावर उतरले. त्या वर्षअखेर कंपनीने माघार घेतली. ते वाण वाचवले, पण आज खरेदी केंद्रावर त्यांना वेगळा भाव नाही. तेथे दोनच प्रती, साधारण आणि ‘अ’.

भंडाऱ्याच्या कॉम्रेडकडे परत येतो. महाराष्ट्राने 2022-23 च्या धानाला हेक्टरी 15,000 आणि 2023-24 ला हेक्टरी 20,000 रुपये प्रोत्साहन दिले, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. दोन हेक्टर, म्हणजे पाच एकरांच्या शेतकऱ्याला 40,000. त्याच हंगामात पाच एकरांच्या छत्तीसगडी शेतकऱ्याला 96,285. हा फरक पाहून गोंदियाचा शेतकरी चिडतो ते रास्तच आहे. पण महाराष्ट्राच्या पद्धतीत दोन हेक्टरांची मर्यादा आहे, ती येथे नाही. पन्नास एकरवाल्याला तेथे 40,000 वरच थांबावे लागते. येथे तो थांबत नाही. छत्तीसगडची रक्कम आणि महाराष्ट्राची मर्यादा, अशी मागणी दोन्हीकडच्या कॉम्रेडांनी मिळून का करू नये? माझ्या मते केली पाहिजे, आणि वाचलेला पैसा शेतमजुरांकडे वळवा असे स्पष्ट म्हटले पाहिजे. मध्यम शेतकऱ्यातले काही जण नाराज होतील. त्यांच्याशी बोलायचे, पण पाच एकरांची मर्यादा येथल्या बहुसंख्य शेतकऱ्यांना लागतच नाही, कारण येथील पाचांपैकी चार खातेदार अल्प वा अत्यल्प भूधारक आहेत. हे त्यांना आकड्यांनिशी दाखवता येईल.

आता कामाचे. 2025-26 पासून केंद्रावर धान विकण्यासाठी शेतकरी ओळखक्रमांक लागू लागला. तो जमिनीच्या नोंदीवरून बनतो, म्हणून रेगहादार पुन्हा एकदा वहीबाहेर गेला. वनहक्क पट्टेधारक, सामाईक खात्यातले भाऊ, नवऱ्याच्या नावावरची जमीन कसणारी विधवा, यांचीही नावे अडतात. गिरदावरी, म्हणजे आपल्याकडची पीकपाहणी, पावसाळ्यात होते. तिच्यात पिकाबरोबर कसणाऱ्याचेही नाव लिहा, ही मागणी घेऊन पटवाऱ्याकडे पोळ्याच्या आधी गेले पाहिजे. टोकनाच्या वेळी गेलात तर उशीर झालेला असतो. प्रत्येक शाखेने आपल्या सोसायटीच्या हद्दीत कोण किती एकर रेगह्याने वा अधियाने कसतो, किती पोती मक्ता देतो, गेल्या हंगामात मालकाने फरकातले किती दिले, याची घरोघर जाऊन यादी करावी. ‘मी कसतो’ असे म्हणायला माणूस घाबरतो, कारण पुढच्या वर्षी जमीन जाईल. म्हणून सुरुवातीला नावे उघड करू नका, आकडे पुरेत. तिल्डा आणि आरंगच्या कॉम्रेडांनी दिवाळीपर्यंत दोन-दोन गावांची यादी आणावी, भंडारा-गोंदियाच्या कॉम्रेडांनी आपल्याकडच्या मक्त्याचे दर आणावेत. पुढच्या बैठकीत आपण त्या वह्या समोरासमोर ठेवून बसू.